छोटी रेल्वे बघायला निघालात? प्रदर्शनं आणि बैठकांबद्दल कोकणातल्या हौशी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

या वयात खेळण्यातली गाडी?

हा प्रश्न आधी घरातून येतो, मग शेजारून. मालवणीत तर थेट येतो, "मेल्या, ह्या वयात खेळातली गाडी खेळतंस?" खेळणं आणि मॉडेल यांत फरक आहे तो मापाचा. मॉडेलमध्ये डबा, खिडकी, फलाट, सिग्नलचा खांब, सगळं एकाच प्रमाणात लहान केलेलं असतं, आणि गाडी खऱ्या रेल्वेच्या शिस्तीने चालवायचा प्रयत्न असतो. बाकी खेळ आहेच, आणि तो कबूल करायला हरकत नाही. लंडनमधला 'मॉडेल रेल्वे क्लब' १९१० पासून चालू आहे. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात.

कोकणात असं काही बघायला मिळतं का?

तिकीट काढून हॉलमध्ये शिरावं अशी मोठी प्रदर्शनं आपल्या किनाऱ्यावर भरत नाहीत. पण बघायला काहीच नाही हेही खरं नाही. गणपतीत घरोघरी आरास बघत फिरताना डोळे उघडे ठेवा. कुणाच्या तरी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीखाली, बोगदा, पूल आणि त्यावरून फिरणारी गाडी असते. ती बहुधा बॅटरीवरची बाजारातली गाडी असते, पण डोंगर, शेतं आणि कौलारू घरं ज्याने केलीत त्याचा हात पाहण्यासारखा असतो. दर्शन झालं, मोदक खाल्ला, की डोंगर कशाचा केलाय हे जरूर विचारा. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे लोकांनी पुठ्ठा, कागदाचा लगदा, ज्यूट आणि काथ्या वापरून नवनवीन युक्त्या काढल्या आहेत. मॉडेल रेल्वेवाल्याला त्या आयत्या मिळतात.

शाळांची विज्ञान प्रदर्शनंही चुकवू नका. नववीतल्या पोराने बनवलेलं आपोआप बंद होणारं फाटक कधीकधी मोठ्यांच्या महागड्या किटपेक्षा सरस असतं.

मग खरीखुरी मोठी मांडणी कुठे बघायची?

आपल्याला सगळ्यात जवळ पुणे. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशींच्या आयुष्यभराच्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. चिपळूणकरांनी कुंभार्ली घाट चढून कराड–साताऱ्यावरून जावं, महाडकरांना ताम्हिणी किंवा वरंध. निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारा आणि वरंध घाट चालू आहे का तेही विचारून ठेवा, पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंद असतो.

तिथे दिवे मालवून, निवेदनाच्या साथीने गाड्या सुटतात. पहिल्यांदा नुसता खेळ बघा. शक्य असेल तर पुढच्या खेळालाही थांबा आणि त्या वेळी गाड्यांकडे पाहूच नका. सिग्नल कधी बदलतो, कोणती गाडी कोणासाठी थांबते, रूळ कुठे गुप्त होऊन कुठे बाहेर येतात, एवढंच बघा. पहिल्या खेळात जे जादूसारखं वाटलं त्याची अर्धी वायरिंग दुसऱ्या खेळात कळते.

दिल्लीला कामानिमित्त जाणं झालं तर राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, १९७७ सालचं. तिथे खरी इंजिनं उभी आहेत. मॉडेल करणाऱ्याने मोजमाप टेप घेऊन जावं आणि आधी परवानगी विचारावी.

प्रदर्शनात शिरल्यावर आधी काय बघू?

गाडी सोडून बाकी सगळं. गाडी विकत मिळते. मांडणाऱ्याची अक्कल दिसते ती इतर जागी.

रूळ दोन भागांत जोडलेत तिथे वाका, म्हणजे नुसती मान वाकवा, कोपर टेकवू नका. दोन फळ्यांच्या जोडावर गाडी उडी मारते की सुळकन जाते? त्यानंतर लेआउटची, म्हणजे रूळ, डोंगर, घरं असलेल्या सगळ्या मांडणीची, कड बघा. चांगल्या माणसाने कडेलाही जमिनीचा आकार कापलेला असतो. मग पाठीमागचा पडदा: डोंगर संपून आकाश सुरू होतं तिथे कोपरा दिसतो का? बोगद्याच्या तोंडातून आत बघितलं तर प्लायवूड दिसतं की काळोख? आणि गाडी बोगद्यात अडकली तर माणूस हात कुठून घालणार, हे शोधून काढा. हे शोधता आलं की तुमच्या घरच्या लेआउटची अर्धी चिंता मिटली.

थोडा वेळ मिळाला की मांडणाऱ्याच्या बाजूला जा, म्हणजे पाठीमागे, अर्थात विचारून. तिथे वायरींना रंग दिलेत का, चिठ्ठ्या लावल्यात का, सांधे (गाडीची वाट बदलणारे रूळ) हाताने बदलतात की मोटरने, हे दिसतं. समोरून सुबक दिसणारं काम पाठीमागून झाडाझुडपासारखं माजलेलं असेल तर ते वर्षभरात बंद पडतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर प्रदर्शनाचं तिकीट पाठीमागच्या बाजूसाठीच असतं.

मांडणाऱ्याला काय विचारावं? काय विचारू नये?

"किती खर्च आला?" हा पहिला प्रश्न नसावा. सकाळपासून तो त्याने पन्नास वेळा ऐकलेला असतो आणि खरं उत्तर द्यावं तर त्याची बायकोही शेजारी उभी असते.

त्याऐवजी अडचणीचा विचारा. सगळ्यात जास्त त्रास कुठल्या सांध्याने दिला? पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल? ही खडी कशाने चिकटवली? असल्या प्रश्नावर लाजरा माणूससुद्धा अर्धा तास बोलतो. फक्त गाडी फलाटावर उभी असताना विचारा. कंट्रोलर हातात असताना त्याची मान तुमच्याकडे वळली आणि गाडी रुळावरून घसरली, तर दोष कोणाचा हे ठरवण्यात मैत्री संपते.

हात लावला तर?

नको. बोटांचं तेल रुळांना लागतं आणि वीज तिथूनच चाकात जाते. शिवाय छपरावरचा पेंटोग्राफ (वरच्या तारेला टेकणारा सांगाडा) किंवा बाजूची शिडी मोडायला एक नखही पुरतं. कोणी स्वतःहून इंजिन हातात दिलं तर चाकांना हात न लावता, मधल्या पोटाला धरून घ्या.

मुलांना न्यावंच. टेबलं बहुधा मोठ्यांच्या छातीच्या उंचीची असतात, म्हणून घडीचं छोटं स्टूल सोबत ठेवा. खांद्यावर बसलेलं मूल वरून गणपतीला फूल टाकावं तसं काहीबाही टाकतं, त्यात बिस्किटाचे तुकडे सगळ्यात वाईट.

फोटो काढावेत का?

विचारून, फ्लॅश न लावता. कॅमेरा लेआउटच्या जमिनीच्या पातळीवर आणा. वरून काढलेल्या फोटोत सगळे लेआउट सारखेच दिसतात.

एचओ, एन, ओओ: ऐकून डोकं गरगरतं. प्रदर्शनाला जाण्याआधी किती माहीत हवं?

एवढंच. ही प्रमाणांची नावं आहेत, खऱ्या गाडीपेक्षा मॉडेल किती पट लहान ते सांगणारी. एचओ म्हणजे १:८७, दोन रुळांत अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. ओओ हा इंग्लंडचा लाडका, १:७६.२, पण रूळ एचओचेच. झेड १:२२०, तो चष्मा लागलेल्यांसाठी नाही.

निर्णय घ्यायचा तर आकडेमोड आपल्या गाडीवर करा. एलएचबी डबा, म्हणजे हल्लीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा, जवळपास २४ मीटर लांब असतो. एचओत तो २७ सेंटिमीटरच्या वर जातो, एनमध्ये १५ सेंटिमीटर. बावीस डब्यांची गाडी एचओत करायची तर डब्यांचीच लांबी ६ मीटर झाली, इंजिन वेगळं. आपल्या जुन्या घराचा ओटासुद्धा एवढा नसतो. म्हणून बहुतेक जण सात-आठ डब्यांवर समाधान मानतात आणि ते ठीक दिसतं. वळणाची अडचण याहून मोठी. एवढ्या लांबीचा डबा एचओत ४५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर गेला की मधला भाग आत आणि टोकं बाहेर लटकतात. ६० सेंटिमीटरच्या पुढे जरा बरं दिसतं. प्रदर्शनात वळणाजवळ उभं राहून हे डोळ्यांनी पाहून घ्या, मग पेटीची ऑर्डर द्या.

रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल साधारण ६४ मीटर उंच आहे. तो एचओत केला तर खांब ७४ सेंटिमीटरचे होतात. एनमध्ये ४०. ज्यांना तो पूल करायचाच आहे (आणि कोकणात प्रत्येकाला तोच करायचा असतो) त्यांनी एन घ्यावा. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, एचओत ७५ मीटर. तो दोन्ही तोंडं दाखवून मधला कापावा, कोणी तक्रार करत नाही.

आपली ब्रॉडगेज तर १६७६ मिमी. मग एचओचे रूळ चुकीचे नाहीत का?

हिशेबाने १६७६ भागिले ८७ म्हणजे १९.३ मिमी यायला हवेत. प्रत्यक्षात १६.५ मिमी असतात, कारण ते १४३५ मिमीच्या युरोपीय गेजसाठी (रुळांमधल्या अंतरासाठी) ठरवलेले आहेत. म्हणजे भारतीय मॉडेल जवळपास तीन मिलिमीटर अरुंद रुळावर उभं असतं. समोरून पाहिलं की जाणकाराला ते कळतं. काही मोजकी मंडळी रूळ स्वतः घालतात, चाकं रुंद करून घेतात, आणि त्यांना माझा नमस्कार. बाकीच्यांनी बाजूने फोटो काढावेत. दुसऱ्याच्या लेआउटपाशी उभं राहून हे शोध लावल्यासारखं सांगू नये, त्यांना ते आधीच ठाऊक असतं.

बैठक म्हणजे काय? तिथे नुसत्या गप्पा का?

गप्पा असतातच. पण चांगल्या बैठकीत गाड्या वेळापत्रकाने चालवल्या जातात. एक जण नियंत्रक, दोघेतिघे चालक, एक स्टेशनमास्तर. चालकाला सांगितल्याशिवाय त्याने फलाट सोडायचा नाही. हे करून बघितलं की गोल गोल फिरणारी गाडी परत कधी आवडत नाही.

यात कोकणवाल्याला जन्मजात फायदा आहे. आपला मार्ग बहुतांश एकेरी. समोरच्या गाडीला वाट द्यायला आडवळणाच्या स्टेशनात अर्धा-अर्धा तास उभं राहणं म्हणजे क्रॉसिंग, हे आपल्याला आजोळच्या प्रवासातच शिकवलंय. टेबलावर हेच मांडा: एक स्टेशन, दोन मार्ग, दोन्ही टोकांना एकेरी लाइन. एवढ्यावर चार माणसं संध्याकाळभर गुंततात. तिसरी गाडी सोडली की भांडणंही होतात.

पहिल्यांदा बैठकीला जाताना काय न्यावं?

एक गाडी, फार तर दोन. चाकं पुसलेली. कपलिंग, म्हणजे डबे जोडणारी कडी, कुठलं आहे हे बघून ठेवा, कारण युरोपीय आकड्याचं आणि पकडीसारखं अमेरिकी कपलिंग एकमेकांना धरत नाहीत, आणि मग तुमचे डबे दिवसभर साइडिंगला.

इंजिन डीसीसीचं (डिजिटल कमांड कंट्रोलचं) असेल तर ही गोष्ट लिहून ठेवा. डीसीसीत प्रत्येक इंजिनात डीकोडर असतो आणि त्याला स्वतःचा पत्ता असतो, म्हणून एकाच रुळावर अनेक इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. नव्या डीकोडरचा पत्ता कारखान्यातून ३ असा येतो. पाच जण नवी इंजिनं घेऊन आले, कोणीच पत्ता बदलला नाही, आणि एकाने ३ दाबून वेग वाढवला की पाचही इंजिनं एकदम निघतात. एकदा बघायला मजा येते. घरूनच पत्ता बदलून या, इंजिनाच्या नंबरातले शेवटचे आकडे घ्या म्हणजे लक्षातही राहतो. साधं १२ व्होल्टचं डीसी इंजिन असेल तर तसं आधी सांगा. डीसीसीच्या रुळावर ते गुणगुणतं, तापतं आणि जळूही शकतं.

आणि खायला काहीतरी. तळलेलं नको, हात तेलकट होतात. आंबोळ्या चालतील.

मुंबई-पुण्याला जाताना मॉडेल कसं न्यायचं?

रेल्वेने जाणं सगळ्यात सोयीचं. कोकणकन्या रात्रभर धावून पहाटे मुंबईत पोचवते आणि रात्री तीच घेऊन परत निघता येतं, म्हणजे राहण्याचा खर्च वाचला. सावंतवाडीकडच्यांना तुतारी आहे, ती सकाळी दादरला उतरवते. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. प्रदर्शनाची तारीख कळली की आधी तिकीट, मग घरच्यांना सांगणं.

इंजिन मूळ पेटीतच न्या. पेटी हरवली असेल तर फोममध्ये त्याच्या आकाराची खाच कापा, वर्तमानपत्राची गुंडाळी आत फिरते आणि हॅण्डरेल तोडते. पेटी आडवी, चाकं खाली, आणि ती बॅग पायाशी. वरच्या बर्थवर ठेवलेली बॅग रात्री कोणीतरी उशाला घेतो. एसटीने जात असाल तर डिकीत कदापि देऊ नका, घाटात ती बॅग टोपल्यांच्या खाली सापडते.

इथल्या दमट खाऱ्या हवेत हा छंद टिकतो का? प्रदर्शनातले लोक म्हणतात, टिकणार नाही.

घाटावरच्या माणसाला जूनमधली भिंत माहीत नसते. टिकतो, पण त्यांचे नियम आपल्याला पुरत नाहीत. म्हणून प्रदर्शनात सल्ला घेताना "मी समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहतो" हे वाक्य आधी बोला, उत्तरं बदलतात.

रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नसते. पोलादी रूळ स्वस्त पडतात आणि पहिल्या पावसात तांबूस होतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनं सुती कापड. पॉलिश पेपर घासला की बारीक चरे पडतात आणि पुढच्या वेळी घाण त्यातच बसते. स्टील वुल तर घरातच आणू नका, त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात.

खालचा पाया आयएस ७१० (भारतीय मानक) चा मरीन प्लाय, चौकट सागवानाच्या पट्ट्यांची. महत्त्वाचं म्हणजे कापलेल्या कडा आणि भोकंसुद्धा व्हार्निशने बंद करा. वरून तीन हात दिले आणि खालची बाजू उघडी ठेवली की फळी एका बाजूला फुगते आणि केळीच्या पानासारखी वळते. रुळांचे सगळे जोड झाळून टाकू नका, अधूनमधून सैल जोड ठेवा.

जून ते सप्टेंबर माझा लेआउट झाकलेला असतो. इंजिनं हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या ओल्या झाल्या की गरम करून परत वापरता येतात. या दिवसांत बसून करायची कामं करावीत, घरं रंगवणं, झाडं बांधणं. खऱ्या कोकण रेल्वेचंही पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांचा वेग कमी होतो आणि दरडींवर नजर ठेवायला गस्त वाढते. आपणही तसंच करायला लाजू नये.

कोकण रेल्वेचंच मॉडेल करायचं आहे. प्रदर्शनात यातलं काय शोधू?

आधी काळ ठरवा. रोहा ते ठोकूर असा जवळपास ७४० किलोमीटरचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला आणि विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. मधली दोन तपं डिझेलची, डोक्यावर तारा नाहीत. हा काळ घेतला तर शेकडो खांब उभे करण्याचा त्रास वाचतो, आणि जुन्या घडणीचे निळे आयसीएफ डबे त्यातच शोभतात. तारा हव्याच असतील तर ज्याने त्या केल्यात त्याच्यापाशी अर्धा दिवस काढा.

दुसरं म्हणजे रो-रो. ट्रक सपाट वाघिणींवर (उघड्या मालडब्यांवर) चढवून नेणारी ही सेवा १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी सुरू झाली. मॉडेलमध्ये ती फार देखणी दिसते, कारण वाघिणी सगळ्या सारख्या आणि त्यांवरचे ट्रक प्रत्येकी वेगळे. एकाची ताडपत्री फाटकी, एकाच्या मागे लिंबू-मिरची. ट्रक खेळण्यांच्या दुकानात मिळतात, फक्त प्रमाण मोजून घ्या.

तिसरं, आणि सगळ्यात सोपं, माती. परदेशी कंपन्यांची तपकिरी भुकटी विकत घेऊ नका. अंगणातला जांभ्याचा चुरा वस्त्रगाळ करा, उन्हात कडकडीत वाळवा, त्यावरून चुंबक फिरवून लोहकण काढून टाका (नाहीतर ते मोटरमध्ये जातात), आणि पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरवा. फेविकॉलच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते मुरतं, गोळे होत नाहीत. कटिंगच्या उभ्या भिंतीला हाच चुरा, त्यावर जाळी म्हणून जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा ताणून लावा. वाळलेला चहाचा चोथा पालापाचोळ्यासाठी. माडाच्या झावळ्या मात्र कागदाच्याच कापाव्या लागतात, आणि त्याला शॉर्टकट नाही.

परदेशात गेलो तर एकच जागा कोणती?

हॅम्बुर्गचं मिनिआतुर वुंडरलँड. २००१ मध्ये सुरू झालं, एचओत आहे आणि अजून वाढतंय. गर्दी असते, तिकीट आधी काढा.

आमच्या गावात बैठक भरवायची झाली तर?

मोठा लेआउट हवा असं काही नाही. टी-ट्रॅक नावाची एन प्रमाणातली पद्धत आहे, आपल्यासाठी शिवल्यासारखी. प्रत्येकाने ३०८ मिलिमीटर लांबीचा एकेक चौकोनी खोका करायचा, वर काटो कंपनीचे तयार रूळ, आणि सगळे खोके जेवणाच्या टेबलावर ओळीने जोडायचे. लांबी, उंची आणि दोन रुळांमधलं अंतर ठरलेलं असल्यामुळे देवगडचा खोका दापोलीच्या खोक्याला पहिल्याच दिवशी जुळतो. वर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, एकाची खाडी, दुसऱ्याची आंब्याची बाग. कोपऱ्याचे चार खोके मात्र यजमानाने स्वतः करून ठेवावेत, ते कोणीच आणत नाही.

टेबल सपाट आहे का ते पाणसळ लावून आदल्या रात्री बघा. वीज जाणार हे गृहीत धरा, कंट्रोलर इन्व्हर्टरवर लावा. तारीख ठरवताना शिमगा, जत्रा आणि आंब्याच्या पेट्या भरायचा हंगाम टाळा, एप्रिल-मेमध्ये बागायतदार माणूस फोनसुद्धा उचलत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला रविवार बरा, भातकापणी उरकलेली असते आणि हवाही कोरडी.